मूठभर तोंडाचा रांजण

फार वर्षांपूर्वी, पांढरमाळाला अजून रस्ता नव्हता तेव्हा, तिथे धुरपा नावाची कुंभारीण राहायची. नवरा वारल्यापासून चाक तीच फिरवायची. बाईमाणसानं चाकाला हात लावू नये, असा तेव्हा दंडक होता. लोक कुजबुजायचे, पण पाणी तिच्याच घागरीतलं प्यायचे.

मग तीन वर्षं ओळीनं पाऊस फिरकला नाही. पुरुष पोट भरायला मुलूखभर पांगले, मागे उरल्या बाया नि पोरं. पाटलीणबाई मनानं चांगल्या. त्यांनी चावडीपुढे धान्य वाटायला काढलं. नाव पुकारलं की बाईनं पुढे येऊन पदर पसरायचा. भुकेल्या बाया उन्हात उभ्या राहायच्या आणि सगळं गाव बघायचं.

धुरपाची धाकटी जाऊ गिरजा तेवढी गेली नाही. तिच्या चुलीचा धूर रोज निघायचा, म्हणून कुणाला शंका आली नाही. चौथ्या दिवशी धुरपाच्या ध्यानात आलं, की धूर आहे पण भाकरीचा वास नाही. ती आत शिरली. चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं आणि गिरजाची तीन वर्षांची ठकी भिंतीला टेकून मलूल पडली होती.

"चावडीवर का न्हाई गेलीस गं?"

"मरंन, पर नाव पुकारून घ्यायची न्हाई, आक्का."

धुरपाला तिचा रागही आला आणि तिचं खरंही वाटलं. आपल्या वाटची पेज तिने ठकीला पाजली आणि त्याच दिवशी चाकावर रांजण धरला. पोट हे एवढं, आणि तोंड इतकं बारीक, की बाईची मिटलेली मूठ तेवढी आत जाईल. भाजून झाल्यावर तो तिने पिंपळाच्या पारावर ठेवला. नियम एकच. गावातल्या प्रत्येक बाईनं रोज यायचं, मूठ मिटून हात आत घालायचा आणि मूठ मिटूनच बाहेर काढायचा. धान्य कुणी टाकलं नि कुणी घेतलं, ते रांजणाला ठाऊक.

असं म्हणतात, की तो रांजण कधी भरला नाही आणि कधी रिताही झाला नाही. उंटांच्या तांड्याबरोबर आलेल्या, कुणालाच न कळणारी बोली बोलणाऱ्या परमुलखातल्या बायाही मूठ घालून गेल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे पाटलीणबाईंना वाटलं, एवढं पुण्याचं काम आणि ते मातीच्या भांड्यात? त्यांनी तांब्याचं घंगाळ पारावर मांडलं, चांगलं रुंद तोंडाचं, कुणाचा हात काय करतो ते लांबूनही दिसेल असं. हलवताना रांजण फुटला. आठ दिवसांत घंगाळ काठोकाठ भरलं. पाटलीणबाईंना कोण आनंद झाला!

धुरपा लांबच्या बाजारी मडकी विकायला गेली होती. ती परत आली, घंगाळ पाहिलं आणि शेजारी उभ्या पाटलीणबाईंचा हात धरला.

"वैनीसाब, भरलंय म्हंजी कुणीतरी उपाशी हाय!" एवढं बोलून ती गिरजाच्या घराकडे धावत सुटली. मागोमाग पाटलीणबाई धावल्या. धूर निघत होता. भाकरीचा वास नव्हता. आणि ठकी या वेळी डोळे उघडेना.

पाटलीणबाई उंबऱ्यातच बसल्या. "मला कळलं कसं नाही गं?"

"कळू नये म्हणूनच ती धूर काढती," धुरपा म्हणाली. तिने ठकीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि चाकाकडे गेली.

कच्चा रांजण वाळायलाच आठ दिवस लागतात, भट्टी त्यानंतर. पण असं म्हणतात, की त्या दिवशी ऊन धुरपाच्या अंगणात खाली उतरलं आणि दिवस कलायच्या आत रांजण खणखणीत वाजायला लागला. ठकीला पेजेचे घोट भरवून पाटलीणबाई पारावर आल्या. घंगाळातलं सगळं धान्य त्यांनी मुठीमुठीनं रांजणात टाकलं. शेवटची मूठ आत पडली आणि तिकडे ठकीनं डोळे उघडले, असं म्हणतात.

आता पांढरमाळाला डांबरी रस्ता आहे. पारावर रांजणही आहे, जुना फुटला की नवा येतो, आणि त्याच्यासाठी चाक बाईच फिरवते. नवी सून घरात शिरण्याआधी धुरपाचं नाव घेऊन तिथे मूठ घालते. सरपंचबाईही घालते. घंगाळात गुरं पाणी पितात.

लहानपणी आईच्या कडेवर बसून मीही रोज तिथे जायचो. घरी आलो की मला भाकरी मिळायची. आईची मूठ जाताना भरलेली असायची की येताना, ते मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.