अकरा ठशांचा आकडा

बहिरू रंगाऱ्याला घरी सोडायचं नाही, असा हुकूमच वज्रसेन राजाने काढला. गुन्हा? काहीच नाही! उलट राजाला त्याचं काम भलतंच आवडलं होतं. मोठ्यांची मर्जी बसली, तरी गरिबाची पंचाईतच!

झालं असं, की दरबारच्या ज्योतिषी जोशीबुवांनी राजाला सांगितलं, "निशाणावर सातशे एकोणीस हा आकडा घाला. एक आणि तो स्वतः सोडला, तर त्याला कुणाचाही भाग जात नाही. निशाण अतूट, तर राज्य अतूट!" बहिरूने ७१९ चा लाकडी ठसा कोरला आणि निशाणाच्या काठावर उठवला. पण रंगाऱ्याचा हात तो! काठ कोरा सोडणं त्याच्या रक्तातच नाही. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, असे अकरा ठसे उठले. काठ संपला, तेव्हा कुठे गडी थांबला.

राजा ७१९७१९७१९ असं वाचू लागला आणि वाचता वाचता त्याला धाप लागली. "वा! सातशे एकोणीसच मोडत नाही, मग हा एवढा राक्षस काय मोडतोय!" पंडितांनी दोनाने भागलं, तिनाने भागलं, तेरानेही भागलं. दरवेळी बाकी उरलीच! राजाने मिशीला पीळ भरला. "बहिरू, आता प्रत्येक बुरुजावर हेच निशाण! तू इथेच राहायचं. हा आकडा कुणी मोडला, तरच घरी जायचं!"

घरी त्याची लेक भिमी एकटीच निळीचं पिंप ढवळत होती. बापाशिवाय तिला घास गोड लागेना. शेवटी निळ्या हातांनीच ती दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, आकडा मोडला की माझा बा घरी येनार न्हवं?"

"येणार! पण एकाने भागायचं नाही, आणि त्याला त्याच आकड्यानेही नाही. बोल, किती वर्षं लागतील?"

"काठ बघायला लागंल तेवढाच येळ!"

भिमीने काठावरून बोट फिरवलं आणि ती खुदकन हसली. "सातशे एकोणीसनं भागा!"

दरबारात हशा पिकला. "अगं वेडे, तोच तर न मोडणारा!" राजा म्हणाला.

"त्यो मोडत न्हाई, पर त्याच्यानं काठ मोडतोय! ठशानं भरलेला काठ ठशानंच मोजायचा, महाराज. शेवटाला अर्धा ठसा उरलाय का कुठं?"

पंडित भागायला बसले. एकदा भाग गेला, मग दोन शून्यं आली, पुन्हा एकदा भाग गेला, पुन्हा दोन शून्यं. तळाशी बाकी शून्य!

राजाचं नाक लाल झालं. "बहिरू, आणखी एक ठसा उठव! लांबव आकडा!"

बहिरूने काठाला कापडाची पट्टी जोडली आणि तिच्यावर बारावा ठसा उठवला. तो वाळतो न वाळतो तोच भिमीने काठाची मधोमध घडी घातली.

"आता तर सोन्याहून पिवळं! हे बघा, सहा ठशांवर सहा ठसे बरोब्बर बसले. म्हंजी सहा ठशांच्या आकड्याचाबी भाग जातोय. तीन पदरी घडी घाला, चार ठशांच्याचाबी जातोय! महाराज, तुम्ही आकडा लांबवला आन् वाटेकरी वाढले की!"

वाटेकरी म्हणताच राजा दचकला. "मग अतूट निशाण करायचं तरी कसं, पोरी?"

"जोशीबुवांनी सांगितलं तसं. ठसा एकदाच उठवायचा! आन् एकेका निशाणावर एकच ठसा, तर सारं काम दुपारच्या आत उरकतंय. मग माझ्या बाला इथं ठेवून काय लोणचं घालायचंय?"

हे ऐकून राजा जो हसत सुटला, तो पागोटं मांडीवर येईपर्यंत! "ने बाई, ने तुझ्या बापाला!" त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून भिमीला दिलं, बहिरूच्या खांद्यावर शेला घातला आणि दोघांसाठी आपला रथ मागवला.

रथ येईपर्यंत बहिरूने प्रत्येक निशाणावर एकेक ठसा उठवलाही. पण तो निशाणाकडे बघत घुटमळत होता. "पर महाराज... एवढा काठ कोराच ठेवायचा?"

"बा, हात आवर!" भिमी ओरडली आणि तिने त्याला ओढतच रथात बसवलं. राजाचं हसू वेशीपर्यंत ऐकू येत होतं.