आधी पाटलांचं!

“चोराचं नाव सांगा फादर, नाहीतर रविवारच्या आत तुमची बदली करवतो!” बस्त्याव पाटील चर्चच्या पायरीवर कडाडले.

बिशपस्वामींना द्यायला केळी वाळवून केलेली त्यांची सुकेळी टोपलीसकट गायब झाली होती. शनिवारी सगळ्या गावाने फादर लिगोरांकडे पापाची कबुली दिली. म्हणजे चोरानेही दिली असणारच!

गर्दीत कातरीनने कडेवरचं तान्हं घट्ट धरलं. तापामुळे बाळाचा बाप्तिस्मा दोनदा पुढे ढकललेला, आता कुठे हा रविवार ठरला होता. फादरच गेले तर?

फादर हळूच म्हणाले, “पाटील, कबुलीतलं अक्षर जरी फोडलं, तरी मी त्याच क्षणी चर्चबाहेर. कुणाचा हुकूम लागत नाही, बहिष्कार आपोआप पडतो.”

“तुम्ही साधे फादर! मी मोन्सिन्योरना विचारीन, बिशपस्वामींना, थेट कार्डिनलना!”

“पाटीलकाका, किताब कितीही मोठा होऊ दे, तोंडाला कुलूप तेच!” कातरीन बोलून गेली.

“तू गप गं! संध्याकाळची घंटा व्हायच्या आत मला नाव पाहिजे!”

कातरीनने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग एकदम म्हणाली, “संध्याकाळ कशाला? आत्ताच सांगू देत. पण एक कबुली फोडली की फादर बहिष्कृत. मग त्यांना धाक कसला उरला? एक सांगितली काय नि शंभर सांगितल्या काय!”

“मग सांगू देत ना!”

“सांगतील की! फक्त गावची रीत मोडायची नाही. झावळ्यांच्या रविवारी पहिली झावळी तुमची. मिरवणुकीत पहिली मेणबत्ती तुमची. आणि शनिवारी कबुलीच्या रांगेत पहिलं कोण होतं? तुम्हीच! फादर, करा सुरुवात. आधी पाटलांचं!”

पाटलीणबाई गर्दी सारत पुढे आल्या. “सांगा हो फादर, सावकाश सांगा! चुलीवरचं करपलं तरी चालेल मला!”

फादर नुसते खाकरले.

“नको! नको!” पाटलांनी दोन्ही हात वर केले. क्षणभर कातरीनकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग असे हसत सुटले, की मिशीही थरथरली. “जिंकलीस गं पोरी! फादर इथेच राहतील. बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण माझ्याकडून, आणि धर्मपिता मीच होणार!”

“व्हा की,” कातरीन म्हणाली. “पण तिथे पहिला नंबर बाळाचा हं!”