पिसांचं निशाण

त्या राज्यात राजा नव्हता. पाखरांनी सापांची सत्ता उलथून टाकली, तेव्हा प्रत्येक जातीने आपलं एकेक पीस दिलं, त्या पिसांचं निशाण झालं आणि ते सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर काठीला बांधलं गेलं. त्याच झाडाच्या बुंध्यावर सुतारपक्ष्याने एक ओळ कोरली : कुणाचाही कंठ दाबला जाणार नाही. राज्याचा कायदा म्हणजे ही एवढी ओळ. तिच्यावर सगळ्यांचं छान चाललं आहे, असं म्हणायची पद्धत होती.

टिटवी नदीकाठच्या वाळूत अंडी घालायची. नेमकं तिथेच मोरांना नाचायला अंगण हवं झालं. टिटवी सभेत गेली. सभेचा प्रमुख गरुड म्हणाला, "बघू." अंगण झालं आणि अंडी मोरांच्या पायांखाली फुटली. टिटवी पुन्हा सभेत गेली, तेव्हा अख्खी सभा नाच बघायला गेलेली होती.

मग ती थेट शेंड्याकडे झेपावली. निशाणातलं आपल्या जातीचं पीस तिने चोचीने उपसलं आणि खाली येऊन सगळ्यांदेखत चिखलात तुडवलं.

अंडी फुटली तेव्हा राज्यात एक चिमणीसुद्धा चिवचिवली नव्हती. आता मात्र एकच गहजब उडाला. "पंख छाटा तिचे!" घार किंचाळली. पण बुंध्यावरची ओळ आड येत होती. टिटवीने केलं ते बोलणंच होतं. तोंडाने बोलून तिचं आधीच झालं होतं.

"मग ओळ बदला," घार म्हणाली.

म्हातारा करकोचा कसाबसा उठला. सापांशी लढताना त्याचा एक पाय कायमचा मोडला होता. "तिने त्या पिसावर पाय दिला, ते मलाही पटलं नाही," तो म्हणाला. "पण मी पाय मोडून घेतला तो पिसांसाठी नव्हे रे बाबांनो. त्या ओळीसाठी घेतला." त्याला गप्प बसवण्यात आलं. बसवणाऱ्यांत लढाईनंतर अंड्यातून निघालेलेच जास्त होते.

सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं. त्याने बुंधा ठोकून पाहिला. "खाली गाठ आहे हो, जागाच नाही. कोरायचं तर वरच्या ओळीत चोच घालावी लागेल."

"घाल," गरुड म्हणाला.

'निशाणाचा अपमान सोडून' एवढे शब्द कोरले गेले. ते कोरताना 'कंठ' हा जुना शब्द ढलप्यांबरोबर खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

कायदा आजचा आणि गुन्हा कालचा होता, पण सभेला इतकं बारीक बघायची सवय नव्हती. तरी गरुडाने मोठं मन दाखवलं. "माफी माग. पंख राहतील."

"अंडी परत द्या," टिटवी म्हणाली, "आत्ता मागते."

घारीने तिचे पंख अर्धे छाटले.

पुन्हा कुणाची हिंमत होऊ नये म्हणून सुगरणीकडून गच्च विणीचा खोपा करून घेतला. निशाण काठीवरून सोडवून त्यात ठेवलं आणि खोप्याचं तोंड शिवून टाकलं. निशाण अगदी सुरक्षित झालं. आत वारा तेवढा जात नव्हता.

टिटवीचे पाय वाळूवर पळायचे, फांदी त्यांना धरवत नाही. तरी ती झाडावर चढू लागली. घसरली, पडली, चोचीने साल धरून पुन्हा चढली. कुणी हसलं, कुणी नजर चुकवली. ती चढत राहिली.

उजाडलं. पाखरं झाडाखाली जमली. शेंड्याकडे बघून मान लववायची आणि मगच चाऱ्याला निघायचं, अशी त्यांची सवय. वर रिकाम्या काठीला बिलगून टिटवीने छाटलेला पंख पसरला होता. नदीवरून वारा आला आणि पंखातली उरलेली पिसं फडफडू लागली.

करकोच्याची मान लवली. मग चिमण्यांची लवली. आणि काही कळायच्या आत घारीचीही.