रुमालातलं इंजिन

खेळातल्या विमानाचं एक बिननावाचं इंजिन हेमांगी पोंक्षेला जुन्या बाजारात मिळालं. कुठलं, कुणाचं, काही कळेना. हुंगलं की मात्र जुन्या इंधनातल्या ईथरचा गोडसर वास यायचा आणि तिला बसल्याजागी ढगांवरून तरंगल्यासारखं व्हायचं.

रविवारी मैदानावर तिच्या हातात ते पाहून विमानक्लबचे अध्यक्ष धुरंधरसाहेब लांबूनच गरजले, "अरे, हे तर माझं हरवलेलं इंजिन! आण इकडे."

हेमांगीने ते हळूच रुमालात गुंडाळलं. "साहेब, याला प्लग कोणता लावायचात?"

"खास इंग्लंडहून मागवलेला! स्वतःच्या हातांनी बसवायचो."

हेमांगीने रुमाल उलगडला. "हे डिझेल इंजिन आहे, साहेब. याला प्लगची जागाच नसते. तुमचं अजून सापडायचंय. दिसलं तर नक्की कळवते."