दिघावकर साहेबांची खिडकी

तालुक्याच्या बाजारपेठेखालून इंटरनेटची जुनी केबल गेली होती आणि तिच्यात केसाएवढा एकच काचेचा तंतू मोकळा उरला होता. जोडणी मात्र दवाखाना, पोलीस ठाणं आणि तहसील, तिघांनाही हवी होती. मुख्य अभियंता दिघावकर साहेबांनी कार्यालयातल्या बैठकीत फर्मान सोडलं, "तीन खाती, तीन केबली. रस्ता खणा!" खिडकीच्या बंद काचेतून त्यांनी खाली बोट दाखवलं. "ती पिवळी छत्री, ती तांबडी हातगाडी, तो हिरवा मंडप. तिन्ही उद्या उठवा. सहा महिने कुणी तिथे बसायचं नाही."

पिवळ्या छत्रीखालच्या बाईकडून जोडणी अभियंता हेमांगी तांडेल रोज मेथी घ्यायची. ती उठून म्हणाली, "साहेब, खणायला नको. प्रत्येक खात्याला वेगळ्या रंगाचा प्रकाश देऊ आणि तिन्ही त्या एकाच तंतूतून सोडू."

साहेब खो खो हसले. "एका काचेतून तीन रंग, तेही एकदम? अहो तांडेलबाई, खिचडी होईल सगळी!"

"आत्ता तुम्ही पिवळी छत्री, तांबडी हातगाडी आणि हिरवा मंडप या एकाच काचेतून पाहिलात, साहेब. तेही एकदम. खिचडी झाली असती, तर कुणाकुणाला उठवायचं हे तुम्हाला कसं कळलं असतं?"

साहेबांनी काचेकडे पाहिलं. मग विचारलं, "पण पलीकडच्या टोकाला रंग वेगळे कोण करणार?"

"त्याचं यंत्र मिळतं. तुमच्यासारखंच रंग बरोबर ओळखतं, साहेब. फक्त कुणाला उठवत नाही."

दुसऱ्या दिवशी हेमांगीने पिवळ्या छत्रीखालूनच मेथी घेतली.