पाटीवरचा 'रि'

घरोघर रेडिओ बोलायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. याकूब मिस्त्रीच्या दुकानावर पत्र्याच्या अक्षरांत 'रेडिओ रिपेअर' लिहिलं होतं. त्यातला 'रि' लॅटिन नावाच्या फार जुन्या भाषेतून आला होता. त्याचा अर्थ 'पुन्हा'.

एकदा हा 'रि' मिस्त्रीच्या पक्कडीला म्हणाला, "आक्का, माझा खिळा काढ. मला घरी जायचंय."

"वेड्या, तुझी भाषा तिथं आता कुणी बोलत नाही. कुणाकडं जाशील?"

"तरी जाऊ दे."

तेवढ्यात गिरजाबाई बंद रेडिओ पोटाशी धरून आली. "मिस्त्री, आमच्या ह्यांनी आणलेला. पुन्हा बोलेल का हो?"

तासाभराने रेडिओ खरखरला आणि गाऊ लागला. गिरजाबाईने डोळ्यांना पदर लावला.

पक्कड म्हणाली, "चल, काढते खिळा."

'रि' हळूच म्हणाला, "राहू दे, आक्का. उद्या आणखी कुणी आलं तर?"