आवाजाचा वास

त्या तळ्याच्या राज्यात प्रजेची पिल्लं जमिनीवर वाढत, आणि राजा बगळा उंच बाभळीवर राहत असे.

कोल्हा आला की ओरडायचं काम टिटवीचं. ते तिला कुणी दिलेलं नव्हतं. गळ्यात आवाज होता आणि काठच्या गोट्यांत चार पिल्लं, म्हणून ती ओरडे. कधी वाळक्या पानालाच कोल्हा समजे, आणि मग दिवसभर स्वतःशीच खजील होई. राखण सोडून दाणे टिपायला जाणं तिला जमत नसे. शेजारची पाखरं म्हणत, "तू आहेस म्हणून बाई डोळा लागतो," आणि आपापलं खाऊन झोपी जात. डोंगरापलीकडून येणारे चक्रवाक मात्र तिच्यापुढे तिकडचं धान्य टाकत.

एकदा कोल्हा राजाच्याच बाभळीआडून निघताना दिसला. टिटवी ओरडली. बगळ्याचं ध्यान मोडलं.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं: परका दाणा पोटात गेला की आवाजही परका होतो. सबब पलीकडचं सगळं धान्य आधी बाभळीखाली उतरेल, तिथे त्याचा वास घेतला जाईल, मगच वाटप. वास घ्यायला चिचुंद्री नेमली. ती जिथून जाई तिथली पाखरं तोंड फिरवत. पण दरबारात हे बोलणार कोण?

पावसाळा तोंडावर आला तरी दाणा सुटेना. टिटवी बाभळीखाली गेली.

"आली बघा, पायांवर आभाळ पेलणारी!" चिचुंद्री म्हणाली. "एवढी घाई का गं? लपवण्यासारखं काही आहे वाटतं?"

"पिल्लांपुरते तरी द्या, बाई. पाऊस आला की दाणे भिजून जातील."

"नियमात भिजतील ना? मग झालं तर."

टिटवीने वर पाहिलं. राजाच्या घरट्यात चक्रवाकांची केशरी पिसं गुबगुबीत अंथरली होती.

"आणि ती पिसं?"

"पिसं काय कुणी खातं?"

परतताना टिटवीला खरंच शंका आली, आपल्या आवाजात तिकडचं काही मिसळलंय की काय. तिने हळूच ओरडून पाहिलं. नेहमीसारखाच कर्कश होता. उपाशीपोटी जरा बारीक, इतकंच.

पाऊस पडला आणि बाभळीखालच्या ढिगाला कोंब फुटले. बघता बघता तिथपासून काठच्या गोट्यांपर्यंत कमरेएवढं गवत माजलं. बगळ्याने वरून पाहून मान डोलावली, "बघा, आपल्या मातीचा गुण!" दरबाराने पंख फडफडवले.

एका दुपारी त्या गवतातून झुपकेदार शेपूट सरकलं. पान नव्हतं ते. टिटवीने दोनदा पाहून खात्री करून घेतली, पिल्लांना पंखाखाली ओढलं आणि होता नव्हता तेवढा जीव गळ्यात आणून ती ओरडली.

तळ्यावरची पाखरं दचकून उठली. पण हा आवाज चालतो की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळी जागच्या जागी थांबून बाभळीकडे पाहू लागली.

चिचुंद्री लगबगीने आली. "थांब, थांब! आधी तपासू दे," म्हणत तिने टिटवीच्या उघड्या चोचीला नाक लावलं आणि डोळे मिटून सावकाश वास घेऊ लागली.

तिच्या पाठीमागे गवत दुभंगलं.